दीर्घकाळ सेवेत राहणारी शस्त्रे: रचनेचा गुण की नाइलाज?

शिलेदार (मूळ प्रश्न)

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे भारतीय हवाई दलाने मिग-२१ या लढाऊ विमानाला समारंभपूर्वक निरोप दिला. १९६३ मध्ये दाखल झालेले हे विमान बासष्ट वर्षे सेवेत होते. निरोपाच्या निमित्ताने झालेल्या लेखनात दोन सूर ऐकू आले. काहींच्या मते इतकी वर्षे टिकणे हीच त्या विमानाच्या श्रेष्ठत्वाची पावती होती. इतरांचे म्हणणे असे, की त्याची जागा घेणारे विमान वेळेवर आले नाही म्हणून ते टिकले आणि त्याची किंमत वैमानिकांनी मोजली.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात पश्चिम सीमेवर पाकिस्तानकडून आलेल्या ड्रोनविरुद्ध एल-७० या विमानविरोधी तोफा वापरल्या गेल्या. त्यांची मूळ स्वीडिश रचना १९५० च्या दशकातील आहे, म्हणजे वयाने त्या मिग-२१ च्या बरोबरीच्याच आहेत. तरीही त्यांच्याविषयी ‘आता निवृत्त करा’ असे कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. अमेरिकेची एम-२ ब्राउनिंग मशीनगन तर याहूनही जुनी आहे आणि तिचे उत्पादन अजून चालू आहे.

माझा प्रश्न असा आहे: एखादे शस्त्र पन्नास, सत्तर किंवा नव्वद वर्षे सेवेत राहते, तेव्हा ते त्याच्या गुणामुळे राहिले की नाइलाजाने, हे ठरवायचे कसे? केवळ वयाकडे पाहून हे कळत नाही, एवढेच मला आज खात्रीने म्हणता येते. जाणकारांनी एखादे उदाहरण घेऊन सविस्तर लिहावे, ही विनंती.

यंत्रविद

आपण एम-२ चा उल्लेख केलाच आहे, तर तिच्यापासूनच सुरुवात करतो. पहिल्या महायुद्धात चिलखती वाहने आणि धातूची विमाने दिसू लागल्यावर नेहमीच्या रायफलची गोळी अपुरी पडेल, हे अमेरिकी सेनापती पर्शिंग यांच्या ध्यानात आले आणि १९१८ मध्ये जॉन ब्राउनिंग यांनी आपल्याच आधीच्या मशीनगनचा आराखडा मोठ्या काडतुसासाठी वाढवायला घेतला. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारले. त्यांच्या पश्चात इतरांनी सुधारलेली ही गन १९३३ मध्ये ‘एम-२’ या नावाने स्वीकारली गेली. अर्धा इंच व्यासाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची गोळी आणि सुमारे १,८०० मीटरचा प्रभावी पल्ला ही तिची ओळख. गनचेच वजन सुमारे ३८ किलो आहे आणि तिपाईसह ते ५८ किलोच्या आसपास जाते.

तिच्या दीर्घायुष्याचे पहिले कारण मला असे दिसते, की तिचे काम बदललेले नाही. पातळ चिलखताचे वाहन, ट्रकचे इंजिन, विटांच्या भिंतीआड बसलेला शत्रू किंवा जहाजाजवळ येणारी लहान बोट ही लक्ष्ये १९४० मध्ये होती तशी आजही आहेत. दुसरे कारण वजनाचे आहे. पायदळाच्या सैनिकाला ३८ किलो हा फार मोठा बोजा होता. पण सैन्य मोटारींवर चढले तसा हा दोष आपोआप मागे पडला, कारण गन वाहनावर बसवली की वजनाची चिंता उरत नाही. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत नौदलासाठी आणि तटरक्षक दलासाठी तयार होणाऱ्या दूरनियंत्रित १२.७ मिलिमीटर गनमध्येही हीच एम-२ आहे.

मात्र ‘निर्दोष रचना’ हे तिचे वर्णन मला मान्य नाही. जुन्या एम-२ ची नळी बदलल्यावर ती पूर्ण आत फिरवून मग दोन ‘क्लिक’ मागे घ्यावी लागे. त्यानंतर बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या भागाच्या, तोंडाशी असलेल्या फटीत मोजपट्टी घालून पाहायची: ‘गो’ असे लिहिलेले टोक आत गेले पाहिजे आणि ‘नो गो’ लिहिलेले टोक आत जाता कामा नये. पुढे गोळी नेमक्या कोणत्या क्षणी सुटते, त्याची जुळवणी वेगळ्या मोजपट्टीने करायची. अंधारात, थंडीत, गोळीबार चालू असताना हे काम चुकले, तर काडतुसाचे पितळी कवच फाटून चालवणाऱ्याला गंभीर इजा होऊ शकते. हा दोष सर्वांना ठाऊक होता. तरीही नळी चटकन बदलता येईल आणि ही जुळवणी करावीच लागणार नाही, अशी एम-२-ए-१ ही आवृत्ती अमेरिकी लष्कराने २०१० मध्ये स्वीकारली. म्हणजे सत्त्याहत्तर वर्षे सैनिकांनी हा धोका अंगावर घेतला.

मधल्या काळात पर्याय शोधले गेले नाहीत, असेही नाही. एम-६० रणगाड्यासाठी बनवलेली एम-८५ ही गन भरवशाची ठरली नाही. पुढे वजनाने हलकी आणि कमी धक्का देणारी एक्सएम-८०६ तयार झाली, पण तिचा गोळीबाराचा वेग जुन्या गनपेक्षा बराच कमी होता आणि २०१२ मध्ये तो प्रकल्प बंद झाला. प्रत्येक वेळी जुन्या गनशी तुलना झाली आणि नवी गन कुठे ना कुठे कमी पडली. माझ्या दृष्टीने गुणामुळे टिकणे म्हणतात ते हेच. स्पर्धा झाली पाहिजे आणि त्या स्पर्धेतून जुने शस्त्र पुढे आले पाहिजे.

पोलीसपुत्र

यंत्रविद यांनी स्पर्धेची कसोटी सांगितली ती योग्य आहे, पण आपल्याकडे अनेकदा स्पर्धाच झालेली नसते, म्हणून मी पोलिसांच्या जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ रायफलीविषयी लिहितो. माझे वडील पोलीस खात्यात शस्त्रागाराचे काम पाहत. सुट्टीच्या दिवशी ते मला दारापर्यंत येऊ देत, आणि रायफलच्या दस्त्याच्या टोकाला असलेले पितळी झाकण अंगठ्याने उघडून आतली तेलाची छोटी कुपी व नळी साफ करण्याची वजन बांधलेली दोरी बाहेरूनच दाखवत. त्या कुपीवरचे पितळ हाताळून हाताळून गुळगुळीत झालेले होते.

ही ली-एनफिल्ड रायफल. तिचे .३०३ चे काडतूस १८८० च्या दशकाच्या अखेरचे आहे आणि ब्रिटिश सैन्याने पहिल्या महायुद्धात वापरलेला नमुना १९०७ चा. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ती आपल्याकडे बनू लागली आणि तिची काडतुसे पुण्याजवळ खडकीला तयार होत; जुन्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ ही अक्षरे दिसतात ती खडकीचीच. दहा गोळ्यांचे मॅगझिन आणि प्रत्येक गोळीनंतर हाताने मागेपुढे करायचा बोल्ट, अशी ही साधी रचना आहे. तो बोल्ट इतका सुरळीत चालतो, की सरावलेला शिपाई मिनिटाला पंधरा नेमके बार सहज काढीत असे. धूळ, चिखल आणि हलगर्जी देखभाल यांना ती जेवढी दाद देत नाही, तेवढी फार थोडी शस्त्रे देत नाहीत.

सैन्याने १९६२ च्या चीन युद्धानंतर स्वयंभरण, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरून घेणारी, एसएलआर रायफल घेतली आणि हातातल्या .३०३ रायफली पोलिसांकडे आल्या. पहारा, खजिन्याबरोबरचा बंदोबस्त, कवायत आणि मानवंदना या कामांसाठी त्या पुरेशा होत्या, त्यामुळे त्या बदलण्याची निकड कोणालाच वाटली नाही. उत्तर प्रदेश पोलिसांनी त्यांना अधिकृत निरोप दिला तो २६ जानेवारी २०२० च्या संचलनात. आपल्या राज्यात मात्र या दिरंगाईचे उत्तर त्याआधीच, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मिळाले होते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर जे पोलीस उभे राहिले, त्यांतील काहींच्या हाती हीच बोल्टची रायफल होती आणि काहींच्या हाती नुसती लाठी. त्यांच्या धैर्याविषयी बोलताना त्यांच्या हातात काय दिले होते, हेही बोलले पाहिजे, असे मला मनापासून वाटते. त्यानंतर २००९ मध्ये राज्याने ‘फोर्स वन’ हे पथक उभे केले आणि आधुनिक शस्त्रांची खरेदी मार्गी लागली.

आता याच रायफलीचे दुसरे उदाहरण पाहा. कॅनडाच्या अतिउत्तरेकडील बर्फाळ प्रदेशात गस्त घालणाऱ्या ‘कॅनेडियन रेंजर्स’ या अर्धवेळ दलाला १९४७ मध्ये ली-एनफिल्ड दिली गेली आणि ती २०१० च्या दशकाच्या अखेरपर्यंत त्यांच्याकडे होती. तेथे शत्रूपेक्षा ध्रुवीय अस्वलाची भीती अधिक, आणि गोठवणाऱ्या थंडीत स्वयंचलित यंत्रणेपेक्षा हाताने चालवायचा बोल्ट अधिक विश्वासाचा. सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा नवी रायफल निवडावी लागली, आणि त्यांनी घेतलेली सी-१९ ही रायफलही बोल्टचीच आहे. शिलेदार यांना हवी असलेली कसोटी मला यात सापडते. जुने शस्त्र गेल्यावर त्याच्या जागी त्याच जातीचे शस्त्र आले, तर ते गुणामुळे टिकले होते. आपल्या पोलिसांना त्याजागी एसएलआर आणि इन्सास या हाताने बोल्ट ओढावा न लागणाऱ्या रायफली मिळाल्या, म्हणजे त्यांची गरज फार पूर्वीच बदललेली होती.

ओझरकर

मिग-२१ ला सरसकट नाइलाजाच्या खात्यात टाकले जाते, ते मला पटत नाही, म्हणून थोडे लिहितो. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा नाशिकजवळच्या ओझरचा कारखाना १९६४ मध्ये याच विमानासाठी उभा राहिला. सहाशेहून अधिक मिग-२१ देशात बांधली गेली आणि आमच्या भागातील कित्येक घरांची चूल त्या कामावर पेटली. १९७१ च्या युद्धात हे विमान आपल्या काळातील उत्तम विमानांत गणले जात होते, आणि त्या पिढीच्या वैमानिकांना त्याचा अभिमान वाटत असे तो उगाच नव्हे.

म्हणून एकाच शस्त्राचे आयुष्य दोन भागांत पाहावे, असे मी सुचवेन. पहिली वीस-पंचवीस वर्षे मिग-२१ गुणावर उभे होते. नंतरच्या वर्षांत मात्र कारणे बदलली. त्याची जागा घेण्यासाठी हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, तेजसने पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी केले आणि त्याचे पहिले स्क्वॉड्रन २०१६ मध्ये उभे राहिले. मंजुरीपासून स्क्वॉड्रनपर्यंतच्या या तेहतीस वर्षांत दुसरे काहीच हाती नसल्याने जुन्या विमानांचे आयुष्य पुनःपुन्हा वाढवले गेले. नवे रडार, रशियन आर-७३ आणि आर-७७ क्षेपणास्त्रे, वैमानिकाच्या शिरस्त्राणावर बसणारी नेमदर्शक यंत्रणा अशी ‘बायसन’ आवृत्ती ओझरलाच तयार झाली आणि तिने त्या विमानाला खरोखर धार दिली. परंतु त्रिकोणी पंख, एकच इंजिन आणि ताशी ३४० किलोमीटरच्या घरातील उतरण्याचा वेग या मूळच्या गोष्टी कोणत्याही रडारने बदलत नाहीत.

अपघातांचा सगळा दोष विमानावर टाकतानाही एक गोष्ट विसरू नये. किरणसारख्या मंद प्रशिक्षण विमानावर शिकलेला तरुण थेट या वेगवान विमानात बसत होता. मधली पायरी म्हणून हवे असलेले प्रगत प्रशिक्षण विमान, म्हणजे हॉक, आपल्याकडे सेवेत आले ते २००८ मध्ये. शस्त्र जुने होते तेव्हा त्याच्याभोवतीची व्यवस्थाही नीट तपासली पाहिजे, आणि येथे ती फार उशिरा तपासली गेली.

शिलेदार

तिन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. ओझरकर यांनी सांगितलेली दोन भागांची विभागणी माझ्या प्रश्नात नव्हती आणि ती फार उपयोगाची आहे. पण मग बी-५२ या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाचे काय करायचे? तेही मिग-२१ पेक्षा जुने आहे. त्याच्यापेक्षा वेगवान विमाने अमेरिकेकडे होती आणि पैशाचीही ददात नव्हती, म्हणजे नाइलाज म्हणता येत नाही. मग विमानाच्या बाबतीत वयाचा तोटा त्याला कसा झाला नाही?

नीलांबरी

बी-५२ चे पहिले उड्डाण १५ एप्रिल १९५२ चे आहे. एकूण ७४४ विमाने बांधली गेली आणि त्यांतील शेवटचे १९६२ मध्ये कारखान्यातून बाहेर पडले. आज सुमारे ७६ सेवेत आहेत. त्यांची आठही जुनी इंजिने काढून रोल्स-रॉइसची एफ-१३० इंजिने बसवण्याचे ठरलेले आहे आणि ती २०५० च्या दशकापर्यंत वापरण्याचा अमेरिकी हवाई दलाचा बेत आहे. म्हणजे सर्वांत तरुण बी-५२ सुद्धा निवृत्तीच्या वेळी नव्वदीच्या घरात असेल.

आपल्या प्रश्नाचे उत्तर मला बी-५८ हसलर या विमानाशी तुलना केल्यावर मिळते. ते ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे, दिसायला अत्यंत देखणे बॉम्बफेकी विमान होते आणि १९६० मध्ये सेवेत येऊन १९७० मध्ये निवृत्तही झाले. त्याची सारी रचना एका गृहीतावर उभी होती: खूप उंचावरून, खूप वेगाने शत्रूच्या प्रदेशात शिरायचे. १९६० मध्ये सोव्हिएत क्षेपणास्त्राने यू-२ हे उंचावर उडणारे टेहळणी विमान पाडले आणि ते गृहीतच कोसळले. उंची आता संरक्षण देत नव्हती. बी-५८ ला दुसरे काम देणे कठीण होते, कारण त्याचा प्रत्येक भाग त्या एका कामासाठी घासून काढलेला होता. ११६ बांधलेल्या विमानांपैकी २६ अपघातांत गेली, हेही त्याच्या विरुद्ध गेले.

बी-५२ तुलनेने मंद आणि अवाढव्य आहे, पण त्याच्या पोटात जागा आहे, पंखांखाली वजन टांगता येते आणि इंधन भरपूर मावते. म्हणून ते आधी अण्वस्त्रांसाठी, मग जमिनीलगत उडण्यासाठी, व्हिएतनाममध्ये साध्या बॉम्बवर्षावासाठी आणि १९८० च्या दशकापासून दूरवरून क्रूझ क्षेपणास्त्रे सोडण्यासाठी वापरले गेले. शेवटच्या कामात विमानाने शत्रूच्या हद्दीत जायचेच नसते, त्यामुळे ते वेगवान आहे की नाही याला महत्त्व उरत नाही. मिग-२१ ला अशी मोकळी जागा नव्हती. ते जवळच्या लढाईचे छोटे विमान होते. त्याच्या नाकात किती मोठे रडार मावेल, यालाही आकाराचीच मर्यादा होती, आणि लढाऊ विमानाला अखेर शत्रूच्या नव्या विमानासमोरच जावे लागते.

एल-७० तोफेलाही हेच लागू होते. वेगवान जेट विमानांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या काळात तिचे महत्त्व कमी झाले होते. मग स्वस्त, मंद आणि खालून उडणारी ड्रोन आली, ज्यांच्यावर महागडे क्षेपणास्त्र सोडणे परवडत नाही, आणि ४० मिलिमीटरच्या गोळ्याला पुन्हा योग्य लक्ष्य मिळाले. त्याआधी भारत इलेक्ट्रॉनिक्सने या तोफांना रडार, कॅमेरे आणि आपोआप लक्ष्याचा मागोवा घेणारी यंत्रणा बसवली होती, म्हणून ही संधी घेता आली. नुसती जुनी तोफ गोदामातून काढून उभी केली असती, तर तिचा फारसा उपयोग झाला नसता.

दारूगोळा

चर्चेत काडतुसाचा उल्लेख ओझरता आला, तो थोडा पुढे नेतो. माझ्या मते शस्त्राचे आयुष्य बऱ्याचदा त्याची गोळी ठरवते. रशियाने १८९१ मध्ये मोसिन रायफलीसाठी स्वीकारलेले ७.६२ गुणिले ५४ मिलिमीटरचे काडतूस आजच्या पीकेएम मशीनगनमध्येही चालते. त्यामुळे २०२२ नंतर युक्रेनच्या सैनिकांनी १९१० च्या नमुन्याच्या, पाण्याने थंड होणाऱ्या मॅक्सिम गन खंदकांत बसवल्या तेव्हा त्यांना गोळ्यांची अडचण पडली नाही. पाण्याचे आवरण असल्याने ती गन न थांबता दीर्घकाळ मारा करू शकते, आणि स्थिर खंदकात तिचे वजन आडवे येत नाही. याउलट आपल्या सैन्याने काडतूस बदलले, तेव्हा ईशापूरने ली-एनफिल्डचीच ७.६२ मिलिमीटर आवृत्ती काढून दिली, कारण तसे केले नसते तर त्या रायफलीला दारूगोळ्याची स्वतंत्र साखळी पुरवत बसावे लागले असते.

गोळीइतकेच महत्त्व सुट्या भागांना आहे, आणि येथे बोफोर्सचे उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८६ च्या करारानुसार आपण ४१० तोफा घेतल्या. लाचखोरीच्या आरोपांनंतर त्या कंपनीशी व्यवहार थांबले आणि सुटे भाग येणे बंद झाले. काही तोफा उभ्याच ठेवून त्यांचे भाग इतर तोफांना लावावे लागले. १९९९ मध्ये द्रास आणि टायगर हिलच्या लढाईत याच तोफांनी डोंगरमाथ्यांवर जो मारा केला, त्याविषयी देवळालीच्या तोफखाना विद्यालयातून शिकून गेलेले अधिकारी आजही आदराने बोलतात. म्हणजे तोफ गुणाने उत्तम होती आणि तिची देखभाल नाइलाजाने चालली होती. शिलेदार यांनी विचारलेल्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

यावरचा उपाय बराच उशिरा झाला. मूळ करारात तंत्रज्ञानाचे आराखडे आपल्याला मिळालेले होते आणि ते कित्येक वर्षे वापराविना पडून राहिले. अखेर त्यांच्याच आधारे जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात ‘धनुष’ ही तोफ तयार झाली आणि २०१९ मध्ये सैन्याकडे जाऊ लागली. तोंडाचा व्यास तोच १५५ मिलिमीटर ठेवून नळीची लांबी ३९ कॅलिबरवरून (म्हणजे तोंडाच्या व्यासाच्या ३९ पटींवरून) ४५ कॅलिबर केली, त्यामुळे पल्ला वाढला, आणि जुन्या तोफेचा गोळा नव्या तोफेतही चालतो. ते आराखडे १९९० च्या दशकातच कपाटाबाहेर आले असते, तर कारगिलला आपल्याकडे किती तोफा उभ्या राहू शकल्या असत्या, याचा हिशेब तोफखान्यातील कोणी जाणकाराने येथे मांडावा, अशी माझी इच्छा आहे.